परतीच्या तारखा : तैमिरची वीण आणि दूरच्या किनाऱ्यांची साक्ष

सैबेरियाच्या उत्तर टोकावरील तैमिर द्वीपकल्पात कर्ल्यू सँडपायपर हा बाकदार चोचीचा लहान किनारपक्षी वीण करतो. अंडी उबवणे व पिलांचे संगोपन मादी एकटीच करते. त्यामुळे नर जुलैच्या प्रारंभी, माद्या काही आठवड्यांनी आणि नवजात पक्षी ऑगस्टअखेरीस युरोपच्या किनाऱ्यांवर दिसू लागतात. काही वर्षी मात्र माद्या लवकर परततात व नवजात जवळजवळ येतच नाहीत. किनाऱ्यावरील निरीक्षकाच्या वहीत ही केवळ एक विचित्र नोंद ठरे; कारण तिचे मूळ हजारो किलोमीटर दूर, सोव्हिएत काळात परदेशी संशोधकांना दुर्गम असलेल्या भूमीत होते.

1979 साली डच पक्षिविद सी. एस. रोसेलार यांनी या चढउतारांचा संबंध लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याशी जोडला. तैमिरमध्ये लेमिंगांची संख्या साधारणतः दर तीन वर्षांनी शिखर गाठत असे. मुबलक लेमिंगांवर ध्रुवीय कोल्हे पोसले जात; पुढील वर्षी लेमिंग घटताच तेच कोल्हे अंड्यांकडे व पिलांकडे वळत. उन्हाळा इतका अल्प, की घरटे लुटले गेल्यावर पुन्हा वीण करण्यास अवधी उरत नाही. मादी वेळेआधीच दक्षिणेची वाट धरते. 1987 मध्ये समर्स व अंडरहिल यांनी पश्चिम युरोपातील ब्रेंट कलहंस आणि दक्षिण आफ्रिकेतील किनारपक्षी यांच्यातील नवजातांचे प्रमाण ताडून पाहिले. दोन्हींत सारखाच चढउतार आढळला. मूळ दफ्तर हाती नसता दूरच्या दोन वह्यांच्या मेळातून घटना सिद्ध करण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकास परकी वाटू नये. मुंबईच्या शिवडी-ठाणे खाडीत याच जातीचे पक्षी हिवाळा काढतात. तेथील नोंदींनाही असेच साधनमूल्य आहे.

मात्र या साधनाचे वाचन आता कठीण होत चालले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आर्क्टिकच्या अनेक भागांत लेमिंगांचे चक्र क्षीण झाले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तैमिरमधील हिम 33 वर्षांत दरवर्षी सुमारे अर्धा दिवस लवकर वितळत गेले. कीटकांचा बहर ओसरल्यावर वाढणारी नॉट पक्ष्याची पिले खुजी व आखूड चोचीची राहिली. याउलट 2018 मध्ये ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग येथे हिम फार उशिरापर्यंत टिकले आणि बहुतेक प्राणी-वनस्पतींचे प्रजननच फसले. त्या वर्षी कोल्ह्याने लुटावीत अशी घरटीही फारशी नव्हती.