मोर्तबाखालची ओळ

२००१ सालच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका वाचनालयाचा संगणक अडून बसला. सुरू व्हायचा, पण आत घ्यायचा नाही. ज्या मुलाने त्यावर लिनक्स बसवून ग्रंथसूची तयार केली होती, तो नोकरीसाठी परगावी गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही, पेशाने हिशेबनीस. पण मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी चाळून थोडेफार उचलले होते. यंत्र सुरू होताना पडद्यावर ‘लिलो’ हा शब्द येऊन क्षणभर थांबे. तिथे मी ‘लिनक्स सिंगल’ एवढे दोनच शब्द टाइप केले. पासवर्ड न विचारता सर्वाधिकार माझ्या हाती आले. ग्रंथपालबाईंना आनंद झाला, आणि लगेच त्या गंभीरही झाल्या. “अहो, मग तो पासवर्ड होता कशाला?”

त्या प्रश्नाचा माग काढता काढता वीसहून अधिक वर्षे गेली. जे हाती लागले ते येथे मांडतो.

वीज दिल्यावर संगणकात प्रथम जागे होते ते फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये कायम मुक्कामाला असलेला छोटा प्रोग्रॅम. ते बूटलोडरला उठवते. बूटलोडर कर्नलला, म्हणजे साऱ्या यंत्रणेच्या गाभ्याला, मेमरीत आणून बसवतो आणि सूत्रे देऊन बाजूला होतो. जाता जाता तो कर्नलच्या कानात एक ओळ सांगतो: मूळ डिस्क कोणती, पडदा कोणता, पहिला प्रोग्रॅम कोणता चालवायचा. हीच कर्नलची कमांड लाइन. पासवर्ड विचारणारा पहारेकरी यानंतर कामावर येतो. मी त्या दिवशी दार फोडले नव्हते. पहारेकरी येण्याआधी घरधन्याला निरोप दिला होता.

लायनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले. त्याच्या सुरुवातीच्या काळात मूळ डिस्कचा क्रमांक कर्नलच्या फाइलमध्येच, पहिल्या ५१२ बाइटांपैकी ५०८ या ठरलेल्या जागी, कोरलेला असे. डिस्क बदलली की फाइलच दुरुस्त करायची. पुढे वर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो हा बूटलोडर आला आणि ओळ सांगण्याची रीत रुळली. मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर ‘ए३३एफ’ हा खुणेचा आकडा ठेवायचा, शेजारी ओळ कुठे आहे ते नोंदवायचे. ओळ फार तर २५५ अक्षरांची. खूण जुळली की कर्नल ओळ मानी. त्या खुणेवरून निरोप आहे एवढेच कळे. तो कोणाचा, हे कळत नसे.

याच वाचनालयात मी मोडी वाचायला शिकलो, म्हणून एक गोष्ट चटकन ध्यानात आली. आपण ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द एका दमात म्हणतो. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे. शिवकालीन पत्रात मुद्रा माथ्यावर असते. हुकूम कोणाचा ते ती सांगते. मोर्तब मजकूर संपतो तिथे उमटते. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहेत. येथे लेखनाची मर्यादा झाली. याखाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. अस्सल शिक्का असलेल्या पत्रात मागाहून एक ओळ घुसडली तर सारा अर्थ फिरतो, हे त्या कारकुनांना पुरते ठाऊक होते.

संगणकवाल्यांनी शिक्का आधी केला, मोर्तब फार उशिरा. २०११ च्या सुमारास ‘सिक्युअर बूट’ ही पद्धत यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकात आकाराला आली. फर्मवेअर आपल्याजवळच्या किल्लीने पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासते. सही जुळली नाही तर चालू देत नाही. पण सही होती कर्नलच्या फाइलवर. कानात सांगायची ओळ त्या सहीच्या बाहेरच राहिली.

परिणाम मे २०१७ मध्ये नेक्सस ६ या फोनवर दिसला. आलेफ सिक्युरिटीच्या रोई हे यांनी तो उघड केला. फोनच्या बूटलोडरमध्ये काही बारीकसारीक नोंदी केबल जोडून बदलता येत, अगदी बूटलोडर कुलूपबंद असतानाही. त्या नोंदी बूटलोडर न तपासता कमांड लाइनला जोडून देई. रोई हे यांनी अशा एका नोंदीत मेमरीचा पत्ता लिहिला आणि त्या पत्त्यावर आपली स्वतःची प्रारंभिक फाइलव्यवस्था केबलवाटे आधीच ठेवून दिली. कर्नल अस्सल, सही अस्सल, शिक्का शाबूत. तरी फोन परक्याचा झाला. मोर्तबाखाली एक ओळ वाढली होती, एवढेच.

आता उपाय निघाले आहेत. २०१९ च्या लिनक्स ५.४ मध्ये ‘लॉकडाउन’ आले. धोक्याच्या काही मागण्या कर्नल स्वतःच नाकारू शकते. आणखी एका रीतीत कर्नल, प्रारंभिक फाइलव्यवस्था आणि कमांड लाइन एकाच फाइलमध्ये बांधून सगळ्यावर मिळून एक सही करतात. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून आलेली ओळ दुर्लक्षिली जाते. हे खरे मोर्तब.

पण मोर्तब कोणाच्या हाती, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचे मला आवडलेले उत्तर जुने आहे. २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे एक्सओ हे हिरवे-पांढरे यंत्र आले. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेतही ते पोचले. त्यातले ओपन फर्मवेअर मिच ब्रॅडली यांचे. चोरीला आळा बसावा म्हणून ते कर्नलची सही तपासे, आणि कुलूपबंद यंत्रात वापरणाऱ्याने लिहिलेली सुरुवातीच्या सूचनांची फाइल वाचतच नसे. मात्र ज्याचे यंत्र त्याला, मागणी केल्यास, त्या एकाच यंत्राला लागू पडणारी ‘डेव्हलपर की’ मिळण्याची सोय होती. ती ठेवली की कुलूप निघे आणि मूल हवी ती ओळ लिहू शके. कुलूप चोरासाठी, किल्ली मालकाची.

आज आपल्या खिशातल्या अनेक फोनांत पहिली सही तपासणारी किल्ली कारखान्यातच बसते. मालकाला ती दिसतही नाही. त्या पावसाळ्यात वाचनालयाच्या यंत्रावर असे मोर्तब असते, तर ग्रंथसूची सुरक्षित राहिली असती, कदाचित आमच्यापासूनसुद्धा.

बाईंना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. नवा पासवर्ड आणि ‘लिलो’साठीही एक वेगळा पासवर्ड घालून दिला. त्यांनी दोन्ही एका ग्रंथसूचीच्या कार्डावर स्वच्छ अक्षरांत लिहिले, ‘कि’ अक्षराच्या खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावून किल्ली पदराच्या टोकाला बांधली.