गंज-ए-सवाईची लूट

समुद्री चाच्यांच्या इंग्रजी कथांत हेन्री एव्हरी राजा असतो. आम्ही त्याच्याकडे हाजींच्या जहाजावरून पाहणार आहोत. त्याची सारी कीर्ती त्याच लुटीची आहे.

एव्हरी डेव्हन परगण्यातला. आधी आरमारात, मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारात. १६९४च्या मे महिन्यात स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पगार थकलेल्या खलाशांना फितवून त्याने 'चार्ल्स द्वितीय' हे जहाज पळवले आणि त्याचे नाव 'फॅन्सी' ठेवले. १६९५च्या आरंभी कोमोरो बेटांवर त्याने पत्र ठेवले, की इंग्रज वा डच जहाजांना आपण हात लावणार नाही. मग कुणाला लावणार, हे सांगायची गरज नव्हती.

त्याच सप्टेंबरात जहाजे हज आणि मोख्याचा व्यापार आटोपून सुरतेला परतत होती. आधी व्यापारी अब्दुल गफूर यांचे 'फतेह मुहम्मद' लुटले गेले, मग खुद्द औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई'. इतिहासकार खाफी खान लिहितो, जहाजावर ८० तोफा नि ४०० बंदुका होत्या. पण एक तोफ जागीच फुटली आणि नाखुदा इब्राहिम खान तळाशी पळाला. मोख्यात विकत घेतलेल्या तुर्की दासींच्या डोक्यांवर फेटे चढवून त्याने त्यांनाच लढायला पुढे केले! आपल्या माणसाची ही बेअब्रू खाफी खानाने झाकली नाही, म्हणून त्याच्या पुढच्या हकिकतीवरही आमचा विश्वास बसतो. आठवडाभर झडती आणि जुल्म चालले. ५२ लाखांचे सोने-चांदी गेले. अब्रू वाचवण्यासाठी कित्येक स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःवर खंजीर चालवला. इंग्रजी दंतकथेत मात्र एव्हरी बादशहाच्या नातीशी लग्न करून मादागास्करचा राजा होतो. खाफी खानाच्या हकिकतीत ना शहजादी आहे, ना निकाह.

बादशहाची छावणी तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या सोलापूर जिल्ह्यात होती. सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाला मुंबईवर चालून जाण्याचे फर्मान सुटले. पण सुरतेच्या जकातीचाही प्रश्न होता, आणि प्रकरण अखेर वाटाघाटींवर आले. युरोपीय कंपन्यांना जहाजांच्या रखवालीची हमी द्यावी लागली.

ऑक्टोबर १६९६मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत एव्हरीच्या सहा साथीदारांवर खटला उभा राहिला. 'गंज-ए-सवाई'च्या लुटीच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना चक्क निर्दोष सोडले! सरकारची पंचाईत झाली. मग 'चार्ल्स द्वितीय' पळवल्याचा आरोप ठेवून त्यांना दोषी ठरवले गेले, आणि नोव्हेंबरात पाच जण फासावर गेले. म्हणजे फाशी झाली ती इंग्रजांचे जहाज चोरल्याबद्दल. हाजींच्या लुटीची शिक्षा त्या न्यायालयात कुणालाच झाली नाही.

एव्हरी स्वतः बहामा बेटांच्या गव्हर्नराला लाच देऊन १६९६मध्ये निसटला, तो पुन्हा सापडला नाही. १७१२ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याच्यावर बेतलेले नाटक लागले.