मलपरीक्षा : अस्तित्वाकडून गणनेकडे

आतड्यातील कृमींच्या प्रयोगशालेय निदानाचा इतिहास बहुधा नवनव्या रीतींच्या नामावळीसारखा सांगितला जातो. वस्तुतः या रीतींनी विचारलेला प्रश्न एकच नव्हता. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही. अंकुशकृमीचे, म्हणजेच हुकवर्मचे, उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मिलान येथे १८३८ साली अँजेलो दुबिनी यांना हा कृमी आढळला तो शवविच्छेदनात. जिवंत रोग्यात तो ओळखता येऊ लागला त्यानंतर चाळीस वर्षांनी. मलातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे निदान करता येते, असे ग्रास्सी व पारोना बंधू यांनी १८७८ साली दाखविले. लवकरच, १८८० च्या सुमारास, सेंट गॉटहार्ड बोगद्यातील मजुरांत पसरलेल्या घातक रक्तक्षयाने या परीक्षेची निकड सर्वांच्या प्रत्ययास आणून दिली.

येथवर प्रश्न होता, कृमी आहे की नाही? विलिस यांची १९२१ ची रीत याच प्रश्नाची होती. मिठाच्या संपृक्त द्रावणात हलकी अंडी वर तरंगतात व अल्पसंख्य असली तरी हाती लागतात. परंतु अंकुशकृमी रक्त शोषतो; अपाय किती होणार हे कृमींच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून १९२३ साली स्टोल यांनी मल ठरावीक प्रमाणात विरल करून अंडी मोजण्याची रीत सुचविली. जपानमध्ये कातो व मिउरा यांनी १९५४ साली ग्लिसरीनमध्ये भिजविलेल्या सेलोफेनखाली जाड थर तपासला. ब्राझीलमध्ये कात्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली त्यास मापाची जोड दिली. पुढे रूढ झालेल्या साच्यात ४१.७ मिलिग्रॅम मल मावतो. दिसलेल्या अंड्यांची संख्या २४ ने गुणिली की दर ग्रॅममधील संख्या मिळते.

गणनेच्या या सोयीची किंमतही आहे. ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी लवकरच दिसेनाशी होतात. म्हणून काच तासाभराच्या आत पाहावी लागते. शिवाय अंडी मलात सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. अशा उपचाराने कृमींचा भार जसजसा घटतो, तसतशी एवढ्याशा मलात एकही अंडे न सापडण्याची शक्यता वाढते.

‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन भिन्न विधाने होत. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र दोहोंसाठी ‘ऋण’ हा एकच शब्द येतो. तो वाचताना कोणत्या रीतीने, किती मलात व किती वेळा पाहिले, हे विचारणे अगत्याचे आहे.