लांब केसांच्या पोरांचा खटला

रॉक ऐकणाऱ्यांत एक वेगळीच जमात असते. बीटल्स, पिंक फ्लॉइड सगळ्यांनाच ठाऊक. या जमातीला मात्र फ्रँक झॅपा, कॅप्टन बीफहार्ट, फग्ज असली विक्षिप्त मंडळी लागतात. यांची रेकॉर्ड लावली की आतून आवाज येतो, "काय लावलंयस हे? बंद कर आधी." मी त्या जमातीतला. असल्या वेड्यांचा समाजाला उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी प्रागच्या एका बँडची गोष्ट सांगतो. आज ती जरा सविस्तर लिहितो, कारण ती नुसती गाण्यांची गोष्ट नाही.

साल १९६८. चेकोस्लोव्हाकियात डुबचेक यांनी समाजवादाला माणुसकीचा चेहरा द्यायचा प्रयत्न चालवला होता. वर्तमानपत्रं मोकळं लिहायला लागली होती. २० ऑगस्टच्या रात्री रशियन रणगाडे आत घुसले आणि तो खेळ संपला. पुढच्याच महिन्यात प्रागमधल्या मिलान ह्लावसा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने मित्र गोळा करून बँड काढला. नाव 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. 'प्लास्टिक पीपल' हे झॅपाच्या एका गाण्याचं नाव, तिथून उचललेलं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. या पोरांना राजकारण करायचं नव्हतं. केस वाढवायचे, चित्रविचित्र कपडे घालायचे आणि कानठळ्या बसतील असं वाजवायचं, एवढंच. पण रणगाड्यांनंतर आलेल्या सरकारला सगळं पुन्हा 'सुरळीत' करायचं होतं. तिथे व्यावसायिक म्हणून वाजवायला सरकारी परवाना लागायचा. १९७० मध्ये यांचा परवाना गेला. वाद्यं सरकारी मालकीची, तीही परत गेली. मग जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून यांनी स्वतःचे अँप्लिफायर बनवले आणि वाजवणं चालू ठेवलं.

बँडचा कर्ताकरविता होता इवान यिरोउस, शिक्षणाने कलेचा इतिहासकार. सगळे त्याला 'मागोर' म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत येडा. त्याचं म्हणणं साधं होतं: सरकारी संस्कृतीशी भांडत बसू नका, तिच्याकडे काही मागूही नका, आपली दुसरी संस्कृती उभी करा. पुढे व्रातिस्लाव ब्राबेनेत्स सॅक्सोफोन घेऊन आला आणि इंग्रजी गाणी मागे पडून बँड चेक भाषेत गायला लागला. एगॉन बाँडी या छापायला बंदी असलेल्या कवीच्या कविता त्यांनी घेतल्या. आता वाटेल की त्यात क्रांतीच्या घोषणा असतील. छे! रोजचा कंटाळा, बिअर, अगदी बद्धकोष्ठसुद्धा. पण सगळं छान चाललंय असं रोज सांगणाऱ्या सरकारला कंटाळ्यावरचं गाणंही झोंबतं.

कार्यक्रम व्हायचे खेड्यापाड्यांत, बऱ्याचदा कुणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. पत्ता तोंडोतोंडी कळायचा. मार्च १९७४ मध्ये चेस्के बुद्येयोवित्से शहराजवळ असाच एक कार्यक्रम ठरला. ऐकायला आलेल्या पोरापोरींना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं आणि गाडीत कोंबून परत पाठवलं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये खुद्द यिरोउसच्या लग्नात मोठा कार्यक्रम झाला. महिन्याभरात पोलिसांनी धरपकड केली. सप्टेंबरमध्ये प्रागच्या कोर्टात खटला उभा राहिला. (आपल्याकडे तेव्हा आणीबाणी चालू होती.) आरोप काय, तर गुंडगिरी करून सार्वजनिक शांतता भंग केली. यिरोउसला दीड वर्ष, पावेल झायीचेकला एक वर्ष, ब्राबेनेत्स आणि स्वातोप्लुक कारासेक यांना आठ-आठ महिने. यातला कारासेक धर्मोपदेशक होता, गिटारवर गाणी म्हणायचा. तोही गुंड!

खरी गोष्ट इथून सुरू होते.

सरकारचा हिशोब सरळ होता. एखाद्या नावाजलेल्या लेखकाला आत टाकलं तर जगभर बोंब होते. या केसाळ पोरांसाठी कोण रडणार? सरकारी प्रसारमाध्यमांनी त्यांना नशेबाज, शिवराळ, समाजाला लागलेली कीड ठरवून टाकलं होतं. सभ्य माणसं नाक मुरडतील आणि गप्प बसतील, असा अंदाज होता.

तो चुकला. नाटककार वात्स्लाव हावेल यिरोउसला त्याच वर्षी भेटले होते, त्यांनी बँडच्या टेप ऐकल्या होत्या. ते खटल्याला गेले. त्यांचा मुद्दा असा की राजकीय विरोधकाला निदान आपण काय डाव खेळतोय हे ठाऊक असतं. या पोरांना तर फक्त आपल्या मनासारखं जगायचं होतं. त्यांनाच तुरुंगात टाकणारं राज्य उद्या कुणालाही टाकेल. यान पातोच्का हे हुसर्लचे शिष्य, जवळपास सत्तरीचे तत्त्वज्ञ. त्यांनीही या पोरांची बाजू घेतली. पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट, धार्मिक माणसं, लेखक, एरवी एकमेकांशी न पटणारे लोक या खटल्यामुळे एकत्र आले.

त्यातून १ जानेवारी १९७७ ची 'चार्टर ७७' ही सनद निघाली. मागणी अगदी साधी: हेलसिंकी करारात आणि मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांत तुम्हीच सह्या केल्यात, त्या पाळा. पण सही करणाऱ्याची नोकरी जायची, मुलांच्या शिक्षणावर गदा यायची. पातोच्का पोलिसांच्या लांबलचक चौकशांनंतर मार्चमध्ये वारले. हावेल पुढे काही वर्षं तुरुंगात होते. ब्राबेनेत्सला १९८२ मध्ये देश सोडावा लागला. यिरोउसने सगळे मिळून आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला.

१९८९ च्या डिसेंबरमध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच महिन्यात झॅपा प्रागला आला तर विमानतळावर चाहत्यांची ही गर्दी! हावेल यांनी त्याला व्यापार आणि संस्कृतीसाठी देशाचा प्रतिनिधी करायचं ठरवलं. अमेरिकी सरकारला ते रुचलं नाही आणि बेत बारगळला. हा तोच झॅपा, ज्याने १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बसून रेकॉर्डवर इशारेवजा लेबलं लावायला कडाडून विरोध केला होता. लेबल आणि तुरुंग यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण असल्या माणसाची अडचण दोन्हीकडे होते, हेही खरं.

चाहता म्हणून सांगतो, प्लास्टिक पीपलची सगळी गाणी मला आवडत नाहीत. काही तर एका बैठकीत पूर्ण ऐकवत नाहीत. पातोच्कांनाही रॉकचं वेड होतं म्हणून ते उभे राहिले नाहीत. मला या इतिहासात मोलाचं वाटतं ते हेच. आपल्या आवडत्या गायकासाठी कुणीही भांडेल. ज्याचं गाणं डोक्यात जातं त्याच्यासाठी दोन शब्द बोलायला जड जातं, आणि धरपकड बहुतेक वेळा त्याच्यापासूनच सुरू होते.

ऐकायचं असेल तर बाँडीच्या कवितांचा त्यांचा अल्बम शोधा. १९७३-७४ मध्ये चोरूनमारून रेकॉर्ड केला, १९७८ मध्ये फ्रान्समध्ये निघाला. घरातले "बंद कर" म्हणतीलच. म्हणू देत. घरातल्यांनी म्हणणं आणि सरकारने म्हणणं यात फरक आहे.