कोपनहेगन सबऑर्बिटल्स

कोपनहेगन सबऑर्बिटल्स ही डेन्मार्कमधील हौशी अग्निबाण बांधणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था आहे. तिची स्थापना २००८ साली झाली. स्वतः बांधलेल्या अग्निबाणातून एका माणसाला १०० किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर नेऊन सुखरूप परत आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे. सदस्य विनावेतन काम करतात. खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो.

इतिहास

३ जून २०११ रोजी बॉर्नहोम बेटाजवळ बाल्टिक समुद्रातील तरंगत्या मंचावरून हीट-१एक्स हा अग्निबाण सोडण्यात आला. त्यात माणसाऐवजी पुतळा होता. अग्निबाण कलल्यामुळे इंजिन दूरनियंत्रणाने बंद करावे लागले व तो सुमारे २.८ किलोमीटर उंचीपर्यंतच पोहोचला.

इंजिन चाचण्या

उड्डाणापूर्वी इंजिन भक्कम चौकटीला जखडून प्रज्वलित केले जाते आणि त्याचा रेटा, दाब व तापमान मोजले जाते. यास स्थिर चाचणी म्हणतात. ऑगस्ट २०१४ मधील अशाच चाचणीत आग लागून हीट-२एक्स हा अग्निबाण निकामी झाला. त्यानंतर संस्थेने आधी लहान अग्निबाण बांधण्याचे धोरण स्वीकारले. इथेनॉल व द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारा नेक्सो-१ २०१६ साली सुमारे १.५ किलोमीटर उंच गेला. टाक्यांतील दाब नियंत्रित करणारी यंत्रणा बसवलेला नेक्सो-२ ४ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ६.५ किलोमीटर उंचीवर पोहोचून पॅराशूटच्या साहाय्याने समुद्रात उतरला. मानवी उड्डाणासाठी स्पायका हा मोठा अग्निबाण नियोजित आहे.