वाड्यावरचा राखणदार

मनमाड म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन, असं अर्ध्या महाराष्ट्राचं मत आहे. संभाजीनगरला जाणारा इथे उतरतो, दौंडकडे जाणारा इथे उतरतो, आणि पुढची गाडी किती लेट आहे हे कळलं की निवांत चहा मागवतो. पण पावसाळा सरला की आमच्या गावावरून अशी एक मंडळी जातात, की ज्यांना तिकीट लागत नाही, टाइमटेबल लागत नाही आणि रिझर्वेशनचं तर नावच नको. धनगरांचा वाडा! वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांपुढे आणू नका; हा वाडा चालतो. पुढे मेंढरं, मागे घोडी, घोडीवर संसार, संसारावर कोंबडी, आणि या सगळ्यांच्या कडेने, आपला यात काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चालणारा एक कुत्रा. मालेगाव रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार होतात. हा मान वळवत नाही.

अशाच एका वाड्यावर आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "काय हो बाबा, कुत्रा कोणत्या जातीचा?"

विचारायचा त्यांना हक्कच आहे. त्यांच्याकडे अल्सेशियन आहे आणि त्याची वंशावळ फ्रेम करून हॉलमध्ये लावलेली आहे. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव विचारलं तर मात्र ते पत्नीकडे बघतात. बाबा म्हणाले, "जातीचं काय ठावं नाही भाऊ. वाड्यावरचंय ते."

शेजारी हसले. पण कुत्र्यांच्या जातींचा इतिहास बघायला घेतला, तर बाबांचंच उत्तर खरं शास्त्राला धरून आहे.

आता हा अल्सेशियनच घ्या. जर्मनीत गावोगाव मेंढ्या राखणारे नाना रंगांचे आणि नाना कानांचे कुत्रे होते. १८९९ साली माक्स फॉन स्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या कप्तानाने एका प्रदर्शनात हेक्टर नावाचा कुत्रा पाहिला. तो विकत घेतला, नव्या नवरीचं बदलावं तसं त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं, मंडळ स्थापन केलं आणि मंडळाच्या वहीत पहिला नंबर त्याचा लिहिला. झाली जात सुरू! पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द खपेना, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन केलं, ते पार १९७७ सालापर्यंत. मेंढ्या कमी होऊ लागल्या तशी कप्तानसाहेबांनी त्याला पोलिसांत आणि लष्करात नोकरी लावून दिली. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा जो प्राणी सोफ्यावर बसतो आणि दिवाळीचा पहिला फटाका वाजताच कॉटखाली जातो, तो मुळात धनगराचाच गडी!

दुसरा नामांकित म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली. त्याचा मूळपुरुष 'ओल्ड हेम्प' १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये जन्मला. कॉली मेंढ्या वळवताना फारसा भुंकत नाही, चावत नाही. पोट जमिनीला लावून मेंढीकडे नुसता बघतो, गणिताचे मास्तर शेवटच्या बाकाकडे बघायचे तसा. मेंढ्या आपोआप रांगेत! मुळात हे लांडग्याचंच तंत्र: दबा धरायचा, नजर लावायची, पाठलाग करायचा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पारख करून शेवटचा चावा तेवढा काढून टाकला.

आमच्या वाड्यावरच्या कुत्र्याचं खातं वेगळं. मेंढरं वळवायला धनगर समर्थ आहे. एक शीळ आणि एक 'हुर्रर्र' पुरते. कुत्र्याची ड्यूटी रात्रपाळीची. रात्री मेंढरं कुणाच्या तरी शेतात बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, आणि जाळ्याबाहेर हा. दख्खनच्या माळावर लांडगा आजही आहे. राखणीचं पिल्लू वाड्यावर जन्मतं, कोकरांत लोळतं आणि डोळे उघडल्यापासून मेंढ्यांनाच आपली भावकी समजतं. मेंढीमागे धावण्याची हौस त्याच्यात चालतच नाही. परकं कुणी आलं की मध्ये उभं राहायचं, आवाज चढवायचा आणि पळून जायचं नाही, एवढंच काम. पगार भाकरी. ज्याला हे जमत नाही, त्याची पिल्लं कुणी ठेवून घेत नाही. निवड समितीवर अध्यक्ष म्हणून खुद्द लांडगा. तिथे वशिला चालत नाही.

आणि खानदानच काढायचं तर ऋग्वेदापर्यंत जाता येईल. पणींनी लपवलेल्या गाई शोधायला इंद्राने सरमा नावाची कुत्री पाठवली. पणी म्हणाले, "आमची बहीण हो, गाईंत वाटा देतो." सरमेने साफ नाकारलं. तिच्यावरूनच संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात. नाकारलेल्या लाचेची एवढी जुनी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

वेदांपर्यंत नको, तर मालेगावजवळ चंदनपुरीला चला. हे बाणाईचं गाव. म्हाळसेशी सारीपाटात हरलेला खंडोबा इथे येऊन धनगराच्या घरी मेंढ्या राखायला राहिला, अशी कथा आहे. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या जोडीला कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. इकडे चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. मल्हारराव लहानपणी मामांकडे तळोद्याला मेंढ्या राखायचे म्हणतात. पुढच्या इतिहासात त्यांचे घोडे आहेत, तलवारी आहेत. मेंढ्या राखताना शेजारी कोण बसायचं, ते कुणी लिहिलेलं नाही.

सरकारदरबारी आता देशी जातींची नोंद होते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत दख्खनी मेंढी आहे. मुधोळचा शिकारी कुत्रा आहे. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यालाही २०२५ साली मान मिळाला. आमच्याकडे मेंढीला कागद आहे, मेंढी राखणाऱ्याला नाही!

कागद मिळाला तर आनंदच आहे. धास्ती निराळीच आहे. गायरानं आक्रसली, माळ नांगराखाली गेले, शेतांना तारेची कुंपणं आली. धनगरांची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि ती जायलाच हवीत. पण वाडा चालायचा थांबला की कुत्रा रिटायर, आणि रिटायर झालेला राखणदार म्हणजे गावातला भटका कुत्रा. दगड मारायला सगळे मोकळे. लांडग्याने शेकडो वर्षं परीक्षा घेऊन तयार केलेली जात दोन-तीन पिढ्यांत उकिरड्यावर विरून जाईल. अल्सेशियनच्या मेंढ्या गेल्या तेव्हा त्याची काळजी करणारा एक कप्तान तरी होता. आपल्याकडे कप्तान उदंड आहेत, पण ते अल्सेशियनच पाळतात.

तोवर चंदनपुरी आहे. पौषात यात्रा भरते, भंडारा उधळला जातो आणि त्यातली चिमूटभर हळद देवाच्या पायाशी असलेल्या कुत्र्यावरही पडते. तिथे त्याची वंशावळ कुणी विचारत नाही.