ऑनलाइन विक्री : घरगुती खाद्यपदार्थ

पापड, कुरडया, मसाले, लोणची, मेतकूट, दिवाळीचा फराळ असे घरी किंवा बचत गटात तयार होणारे पदार्थ इंटरनेटवरून मागणी घेऊन कुरिअरने वा टपालाने गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवण्याचा व्यवसाय. विक्री मोठ्या मार्केटप्लेसवर, स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवरून होते. गाळा नको, पागडी नको, म्हणून सुरुवात जवळजवळ फुकटात होते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात वाहतूक, परत आलेला माल आणि अडकलेला पैसा यांचा खर्च मोठा असतो. तो आधी दिसत नाही आणि नवे व्यवसाय बहुधा तिथेच मोडतात.

पहिली अडचण ओळखीची. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले, तेव्हा पहिला माल भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतला होता. ऑनलाइन विक्रीत असा व्यापारी मध्ये नसतो. चव, वास, ताजेपणा फोटोत कळत नाही, म्हणून लोक आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचतात. नव्या विक्रेत्याकडे अभिप्राय नसतात, म्हणून मागणी येत नाही. मागणी नाही, म्हणून अभिप्राय साठत नाहीत. ही कोंडी फोडायला जाहिरातीवर किंवा सवलतीवर पैसा घालावा लागतो. सोसायटी, नातेवाईक, कचेरीतले सहकारी अशा ओळखीच्या वर्तुळातून आरंभ करणे हाच त्यातला कमी तोट्याचा मार्ग.

वाहतुकीचा हिशेब पदार्थाच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. कुरिअर कंपन्या पार्सलचे खरे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त, त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला बहुधा ५,०००ने भागले की हे दुसरे वजन किलोत मिळते. ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात एक किलो कुरडया ठेवल्या, तर पैसे तीन किलोंचे पडतात. खोके लहान करावे तर कुरडयांचा चुरा होतो. चकली आणि चिवड्याचेही तेच. लोणचे वजनाला भरते, पण त्याचे तेल झिरपते आणि काचेची बरणी फुटते.

सर्वांत मोठा घाव परत येणाऱ्या पार्सलाचा असतो. भारतात वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय फ्लिपकार्टने २०१०मध्ये सुरू केली आणि कार्ड वापरायला बिचकणारा मोठा वर्ग त्यामुळे ऑनलाइन खरेदीकडे वळला. २०१६मध्ये यूपीआय आले, तरी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची सवय मोडलेली नाही. पैसे आधी दिलेले नसल्याने गिऱ्हाईक घरी नसते, फोन उचलत नाही किंवा दारात ‘नको’ म्हणते, आणि पार्सल माघारी येते. स्वतः कुरिअर ठरवणाऱ्या विक्रेत्यावर जाण्याचे भाडे पडतेच, शिवाय बहुधा येण्याचेही. कपड्याची घडी पुन्हा घालून तो विकता येतो. आठ-दहा दिवस उन्हातान्हात फिरून आलेली चकली जबाबदारीने दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणजे माल, पॅकिंग आणि भाडे असे सगळेच बुडते. खाद्यपदार्थांच्या नव्या विक्रेत्याने निदान दूरच्या पिनकोडांना ही सोय देऊच नये, असे या हिशेबावरून स्पष्टपणे म्हणता येते.

कायदेशीर बाजू कष्टाची असली, तरी तिचा मोठा भाग रास्त आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता अशी माहिती १ जानेवारी २०१८पासून ऑनलाइन पानावरही देणे बंधनकारक आहे. पोहोचतेवेळी मालाच्या मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितले. कमी टिकणाऱ्या घरगुती पदार्थांना ही अट जड जाते.

वस्तू व सेवा कराची राज्यसीमेवरची अट मात्र लहान विक्रेत्यावर अन्याय करणारी आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही आणि १ ऑक्टोबर २०२३पासून अशा विक्रेत्याला मार्केटप्लेसवरही विकता येते. पण फक्त राज्याच्या आत. करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर नोंदणी हवी, मग विक्री स्वतःच्या संकेतस्थळावरून का असेना. त्यामुळे कोल्हापूरच्या नोंदणी नसलेल्या बाईंना आपला कांदा-लसूण मसाला शेकडो किलोमीटरवरच्या नागपूरला पाठवता येतो. जवळच्या बेळगावला नाही. पापड करमुक्त आहे, म्हणून त्याला ही अट लागत नाही. लोणचे मात्र करपात्र आहे; त्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

भांडवलाची मदत आहे, पण ती बव्हंशी यंत्रांकडे झुकलेली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये आलेल्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. बचत गटाच्या सदस्यांना खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूदही त्यात आहे. एकट्या विक्रेतीला खरी नड या दुसऱ्या प्रकारच्या पैशाची असते. डाळ आणि तेल रोखीने घ्यावे लागते. मार्केटप्लेसकडून विक्रीचे पैसे कमिशन आणि कर कापून काही दिवसांनी जमा होतात.

परदेशातल्या मराठी घरांना जाणारा फराळ हा या व्यवसायाचा लहान, पण चांगला भाव देणारा भाग. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून थांबवली. भारतीय टपाल खात्याने त्याच सुमारास तिकडची बहुतेक पार्सले घेणे काही काळ बंद ठेवले, तेव्हा दिवाळी जेमतेम दोन महिन्यांवर आली होती.